खोकं परत पाठव

नाताळच्या सकाळी रुवीत घंटा वाजत नाही.
पाण्याचा टँकर तेवढा वाजतो खालच्या गल्लीत,
मागे येताना, टीं टीं करत.
डोंगर उघडेच उभे, कालच्यासारखे.
मला दहाला ड्यूटी. अर्धी रजा दिली हमूदने,
सही करताना वर म्हणाला, 'ईद मुबारक, इनास.'

रात्री मिस्सेहून घरी यायला दोन वाजले.
गाडी इतकी लांब लावलेली की
एल्टन खांद्यावरच झोपला आणि एक बूट पडला वाटेत.
शोधत मागे गेलो, तर एक मल्याळी काका
तो बूट उंच धरून उभे,
येणाऱ्या प्रत्येक पोराचे पाय बघत.

आता सात. तिथं साडेआठ.
सिल्वीने सोफा सरकवून मधोमध ठेवलंय खोकं,
नंदाखालच्या कैतानने परवा आणून दिलेलं.

मी ओळखलं त्याला.
सतरा वर्षं खोकीच भरत आलो मी:
दूध पावडर, साबण, बामच्या बाटल्या,
बाबांना दाढीचा फोम.
वजनकाट्यावर आधी खोकं घेऊन मी,
मग नुसता मी, मग वजाबाकी.
तीस किलोला दोनशे ग्रॅम कमीच ठेवायचे.
हे त्यातलंच एक. दोरी तीच, निळी.
बाजूला मार्करने माझं अक्षर:
'मर्सेलिन रुमाव, मु. भुईगाव.'
त्यावर एक रेघ, पट्टी धरून मारलेली.
खाली आयचं अक्षर, चौथीपर्यंतचं:
'इनास. मस्कत. जपून.'

रेनीने कात्री आणली.
सिल्वी म्हणाली, दोरी कापायची नाही.
गाठ सोडण्यात पाव तास गेला.

सुकेळी निघाली, आणि सगळ्या घराला वास सुटला.
नेवऱ्या, निम्म्या फुटलेल्या.
एल्टनला स्वेटर. मस्कतमध्ये, स्वेटर!
तो घालून बसला, काढू देईना, म्हणाला एसी वाढवा.
आणि प्रत्येक वस्तूवर कागद,
बघतो तर आमचेच.
सोनेरी चांदण्यांचा, माझ्या पहिल्या वर्षीचा,
सोहारला एका खोलीत आठ जण होतो तेव्हाचा.
हिरवा, हरणांचा, रेनी झाली त्या साली पाठवलेला.
एकही फाटलेला नाही.
चिकटपट्टीच्या जागी पिवळे डाग,
घड्यांवर इस्त्री.
मला वाटायचं, पाठवलेलं सरतं.
साबण झिजतो, डबे रिकामे होतात,
मोलकरीण नेते, उंदीर नेतो.

तळाशी दाढीचा फोम.
सील तसंच.
बाबांना जाऊन तिसरं वर्ष.
सोबत चिठ्ठी नाही, काही नाही,
फक्त सुतळीने गळ्यात बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा: 'इनास.'
त्यांचं अक्षर.

मी आत गेलो, दार लावलं.
पहिल्यांदा नुसता फुस्स आवाज,
मग आला, बोटभर, पांढरा, गार.
तारीख केव्हाच उलटलेली. डब्यावर कुणी बघितली?
मी दाढी केली.
बराच वेळ केली.

बाहेर फोन लावला होता सिल्वीने.
आम्ही चौघं त्या एवढ्याशा काचेत, गाल लावून,
रेनी ओरडली, 'आजी, थँक्यू!'
एल्टनने स्वेटर दाखवला, घामाने भिजलेला.
मी म्हणालो, 'आय, मिळालं सगळं.'
पुढे काय म्हणायचं ते घशातच राहिलं.
तिने डोळे बारीक केले, स्क्रीनच्या अगदी जवळ आली,
फक्त कपाळ दिसू लागलं.
'दाढी नीट नाही झाली कानाखाली,' म्हणाली.
आणि मग,
'ते खोकं परत पाठव.
असं दणकट आता मिळत नाही.'

मी मागे वळून पाहिलं.
खोक्यात एल्टन बसलेला, सुकेळी खात,
वरची झाकणं आतून ओढून घेत.